'अंधाधुन'च्या शेवटी आकाशला दिसत होतं, पण म्हणून त्याने सिमीचे डोळे घेतले असं होतं का?

रस्त्यात एक रिकामा कॅन पडलेला असतो. काळा चष्मा लावलेला एक माणूस चालत येतो आणि हातातल्या काठीने त्या कॅनला टोला हाणतो. कॅन उडून बाजूला जातो, माणूस चालत राहतो, सिनेमा संपतो.

'अंधाधुन' रिलीज झाला ५ ऑक्टोबर २०१८ ला. या एका टोल्यावर तेव्हापासून जी भांडणं सुरू झालीत ती आजही चालूच आहेत. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ओटीटीवर पहिल्यांदा सिनेमा बघतं, रात्री एक वाजता ग्रुपवर मेसेज टाकतं, "अरे त्याला दिसत होतं ना?" आणि सकाळपर्यंत शंभर रिप्लाय पडलेले असतात.

(ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबा. पुढे सगळं फुटणार आहे.)

आधी गोष्ट थोडक्यात आठवून घेऊ. पुण्यातला एक पियानो वाजवणारा पोरगा, आकाश. त्याला व्यवस्थित दिसतं, पण तो आंधळा असल्याचं नाटक करतो. एका जुन्या नटाच्या घरी वाजवायला जातो, तर तिथे त्या नटाचं प्रेत पडलेलं. नटाची बायको सिमी आणि तिचा इन्स्पेक्टर प्रियकर ते प्रेत त्याच्यासमोर हलवतात, कारण त्यांच्या मते याला काही दिसतच नाही. आकाश पियानो वाजवत राहतो. पुढे सिमीला संशय येतो, ती त्याचं नाटक उघडं पाडते आणि प्रसादातून काहीतरी देऊन त्याला खरोखरचा आंधळा करून टाकते. मग अवयव विकणारा डॉक्टर स्वामी कथेत येतो, अपहरण होतं, पैशांवरून मारामारी होते, एकेक जण मरत जातो. उरतात तिघं. डॉक्टर गाडी चालवतोय, शेजारी आकाश बसलाय आणि डिकीत सिमी आहे.

डॉक्टरचा प्लॅन साधा आहे. सिमीचा रक्तगट दुर्मीळ आहे, तिचं लिव्हर एका शेखच्या मुलीसाठी विकायचं, आणि जाता जाता तिच्या डोळ्यांचे कॉर्निया आकाशला बसवायचे. आकाशची दृष्टी परत, डॉक्टरला पैसे. गाडी पुढे निघून जाते.

आणि इथे सिनेमा थेट दोन वर्षं पुढे उडी मारतो.

सगळा घोळ या उडीत आहे. आता आपण पोलंडमधल्या क्राकोव शहरात आहोत. आकाश तिथे एका कार्यक्रमात वाजवतोय, अजूनही आंधळा म्हणूनच. त्याची जुनी मैत्रीण सोफी तिथे पोचते, दोघं कॉफी घेतात आणि तो तिला पुढचं सांगतो. सिमी डिकीत सुटली, तिने डॉक्टरला मारलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली. आकाशला वाटत होतं शेजारी डॉक्टरच आहे. तिने त्याला वाटेत उतरवलं, पुढे गेली आणि गाडी वळवून त्याच्याच अंगावर घालायला आली. तेवढ्यात बाजूच्या शेतात कुणीतरी सशावर गोळी झाडली, बिथरलेला ससा उडून काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी मेली. सोफी म्हणते, तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. आकाश काही बोलत नाही. उठतो, बाहेर पडतो, आणि मग तो कॅन.

म्हणजे गाडी निघून जाईपर्यंत जे घडलं ते आपण पाहिलं. त्यानंतरचं जे आहे ते आकाशने सांगितलं म्हणून आपल्याला माहीत आहे. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे बघताना हा फरक सहज निसटतो.

सगळ्यात गाजलेली थिअरी इथूनच निघते. आकाश खोटं बोलतोय. ससा-बिसा काही नव्हता. त्याने डॉक्टरचा सौदा मान्य केला, सिमी मेली, तिच्या डोळ्यांनी तो आज जग बघतोय आणि युरोपात मजेत आहे. पुरावा काय? पहिला पुरावा अर्थात कॅन. दुसरा पुरावा जास्त मजेदार आहे. शेवटच्या सीनमध्ये आकाशच्या हातात जी काठी आहे तिची मूठ सशाच्या डोक्याच्या आकाराची आहे. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला कहाणी रचून सांगताना जवळची वस्तू उचलून तिच्यात घालायची, तसलं काम. १९९५ च्या 'द यूझ्वल सस्पेक्ट्स'मध्ये पोलिसांसमोर बसलेला माणूस भिंतीवरचे कागद आणि कपाच्या तळावरचं नाव वाचून अख्खी गोष्ट रचतो, ती आठवण अनेकांना झाली ती याचमुळे.

तिसरा पुरावा म्हणजे आकाशचा स्वभाव. हा माणूस पहिल्या सीनपासून खोटं बोलतोय. सोफीशी, शेजाऱ्यांशी, ज्यांच्यासमोर वाजवतो त्यांच्याशी. आंधळेपणाचं नाटक केल्यामुळे संगीतावर लक्ष एकवटतं असं कारण तो देतो, पण त्या नाटकातून मिळणारी सहानुभूती आणि टिप्स त्याला नको होत्या असं कुठे दिसत नाही. अशा माणसाने कॉफी पिता पिता जे सांगितलं ते आपण खरं का मानायचं? हा मुद्दा बिनतोड आहे.

पण समोरच्या बाजूकडेही एक हुकमाचा पत्ता आहे. सिनेमाची सुरुवात आठवा. आयुष्य आणि लिव्हर यांच्यावरची एक शाब्दिक कोटी पडद्यावर येते, आणि मग कोबीचं शेत, बंदूक घेतलेला माणूस, एका डोळ्याने अधू असलेला ससा. गोळी सुटते, ससा उडी मारतो, गाडीचा आवाज येतो, अंधार. तेव्हा आकाश अजून कथेत आलेलाही नाही. सोफीची आणि त्याची ओळखच झालेली नाही. मग हा ससा कुणी दाखवला? दिग्दर्शकाने, थेट आपल्याला. ससा खरा असेल तर अपघात खरा, अपघात खरा असेल तर सिमी ऑपरेशन टेबलवर मेली नाही.

यावर खोटं-थिअरीवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं. संपूर्ण सिनेमाच आकाशने सोफीला सांगितलेली गोष्ट आहे, सुरुवातीच्या सशासकट. ऐकायला भारी वाटतं, पण यात एक अडचण आहे. आकाशने सगळाच सिनेमा रचला असेल तर डॉक्टरही रचलेला, सौदाही रचलेला, सिमीने त्याला आंधळं केलं हेही रचलेलं. मग त्याने सिमीचे डोळे घेतले हे तरी कशावरून? जी थिअरी आपल्याविरुद्धचा प्रत्येक पुरावा 'तेही खोटंच' म्हणून गिळते, ती शेवटी स्वतःचे पुरावेही गिळते.

हाच प्रकार व्हिडिओ गेम्सच्या जगात याच्याही आधी, फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. त्याकडे थोडं जाऊन येऊ, कारण तिथे चाहत्यांनी थेट कंपनीला शेवट बदलायला भाग पाडायचा प्रयत्न केला.

'मास इफेक्ट' ही बायोवेअर या कॅनेडियन स्टुडिओची गेम सिरीज. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा मार्च २०१२ चा. तुम्ही कमांडर शेपर्ड असता आणि रीपर नावाच्या महाकाय यंत्रांपासून आकाशगंगा वाचवायची असते. या सिरीजची खरी ताकद म्हणजे पहिल्या गेममध्ये घेतलेला निर्णय तिसऱ्यात येऊन भिडायचा. कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, सगळं सेव्ह फाइलमधून पुढच्या भागात जायचं. पाच वर्षं, शंभरेक तास. आणि शेवटी काय? एक लहान मुलासारखी दिसणारी शक्ती समोर येते आणि तीन पर्याय देते. रीपर नष्ट करा, त्यांच्यावर ताबा मिळवा, किंवा यंत्रं आणि सजीव यांना एकत्र करून टाका. लाल, निळा, हिरवा. तिन्हींचे शेवटचे व्हिडिओ बरेचसे सारखेच, फक्त स्फोटाचा रंग वेगळा.

लोक भडकले. काही चाहत्यांनी मिळून बायोवेअरच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले, वर लाल, निळं, हिरवं आयसिंग आणि आतून सगळ्यांची चव एकच. निषेधाचा याहून गोड प्रकार सापडणं कठीण. त्याच मोहिमेतून मुलांच्या हॉस्पिटल्सना मदत करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठी सुमारे ८० हजार डॉलर गोळा झाले.

पण ज्यांना राग पचत नव्हता त्यांच्यातून एक थिअरी जन्माला आली. इंडॉक्ट्रिनेशन थिअरी. गेममध्ये रीपर माणसाच्या मेंदूचा हळूहळू ताबा घेतात, त्याला इंडॉक्ट्रिनेशन म्हणतात. थिअरी म्हणते की शेवटची लढाई मुळात झालीच नाही, ती शेपर्डच्या डोक्यात चालू आहे. पुरावे शोधून शोधून काढलेले. सुरुवातीला दिसणारा मुलगा शेपर्डशिवाय कुणी पाहिल्यासारखं वाटत नाही. त्याच्या स्वप्नांत काळ्या सावल्या येतात. आणि नष्ट करण्याचा पर्याय निवडला आणि तयारी पुरेशी असली, तर ढिगाऱ्यात पडलेला एक देह श्वास घेताना दिसतो. म्हणजे शेपर्ड जागा झाला! बाकीचे दोन पर्याय निवडणारे रीपरच्या जाळ्यात अडकले!

थिअरी देखणी होती यात शंका नाही. न आवडलेला शेवट तिने एका फटक्यात दिग्गज लेखकाची चाल करून टाकला. पण २६ जून २०१२ ला बायोवेअरने 'एक्स्टेंडेड कट' फुकट दिला, तेव्हा त्यात शेवट नीट समजावून सांगितला होता, पर्यायांचे परिणाम दाखवले होते, तिन्ही पर्याय धुडकावण्याचा एक चौथा मार्गही दिला होता. सगळं स्वप्न होतं असं मात्र कुठेही नव्हतं. थिअरीवाल्यांपैकी काहींनी हार मानली. काहींनी ठरवलं की हा नवीन कटसुद्धा रीपरचाच भ्रम आहे.

'अंधाधुन' आणि 'मास इफेक्ट' यांच्यात एक मोठा फरक आहे. गेममध्ये राग असा होता की आम्ही निर्णय घेतले, त्यांचा हिशोब कुठे आहे? खेळणारा स्वतःच शेपर्ड असतो. सिनेमात आपण काहीच निवडलेलं नसतं. आपण फक्त एका माणसाची बाजू घेतलेली असते. त्यामुळे 'अंधाधुन'च्या थिअरीत जे पणाला लागलंय ते वेगळं आहे. तो खोटं बोलत असेल तर दोन तास आपण एका खुनात सामील झालेल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या. सिमीने नवऱ्याच्या खुनाला साथ दिली, शेजारणीला इमारतीवरून ढकललं, हे सगळं खरं. तरी डिकीत बांधलेल्या बाईचे अवयव काढायला होकार देणं हे त्याच रांगेतलं काम आहे.

म्हणूनच कॅनकडे परत जायला हवं, कारण इथे बहुतेक जण एक पायरी गाळतात. आकाशला दिसतं, हे जवळपास नक्की आहे. पांढरी काठी वापरणारे लोक काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालतात, वस्तू काठीला लागली की ती चाचपतात. आकाश चाचपत नाही, नेमका टोला मारतो. इथपर्यंत ठीक. पण 'त्याला दिसतं' यावरून 'त्याने सिमीचे डोळे घेतले' इथपर्यंत उडी कशी मारायची?

थोडं वैद्यकीय बघू. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. तो गढूळ झाला किंवा जळला तर दुसरा बसवून दृष्टी परत आणता येते. पण त्यासाठी कुणाला डिकीत कोंबावं लागत नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे लिव्हर-किडनीसारखं रक्तगट जुळवायचं झंझट सहसा नसतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान करता येतं आणि नेत्रपेढीत कॉर्निया काही दिवस टिकवता येतो. सिमीचे डोळे आकाशसाठी खास होते असं काहीच नाही. लिव्हरचा ग्राहक डॉक्टरकडे तयार होता, कॉर्निया ही आकाशला गप्प बसवायची लाच होती.

शिवाय डॉक्टर म्हणतो ते खरं कशावरून? सिमीने आकाशला काय दिलं हे सिनेमा सांगत नाही. पण पोटातून गेलेलं विष साधारणपणे कॉर्नियावर हल्ला करत नाही. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण मुंबईच्या उपनगरांना चांगलं माहीत आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त बळी घेतले, त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या मागच्या नसेवर, ऑप्टिक नर्व्हवर घाव घालतं. जो जगतो त्याची दृष्टी जाऊ शकते, आणि अशा वेळी पुढचा पडदा कितीही नवा बसवला तरी उपयोग शून्य, कारण बिघाड कॅमेऱ्याच्या काचेत नसून वायरीत आहे. अवयव विकून पोट भरणाऱ्या डॉक्टरने घाबरलेल्या पोराला दिलेलं आश्वासन वैद्यकीय सत्य म्हणून धरायची गरज नाही.

मग दिसतं कसं? तिसरी शक्यता फारशी कुणी बोलत नाही, पण ती पडद्यावरच्या सगळ्याशी जुळते. आकाशचा आंधळेपणा कायमचा आहे असं कुणा धड डॉक्टरने तपासून सांगितल्याचं सिनेमात येत नाही. दृष्टी पुढे आपोआप परतली असेल, किंवा परदेशात रीतसर उपचार झाले असतील. ससा खरा, अपघात खरा, सिमीचा मृत्यू तसाच, आणि आकाश पुन्हा त्याच्या जुन्या धंद्याला लागलेला. म्हणजे डोळस असून आंधळ्याचं सोंग. सोफीला त्याने जे सांगितलं त्यातली घटना खरी, फक्त काळा चष्मा खोटा. एवढं सगळं भोगून हा माणूस तसूभर बदलला नाही, हा निष्कर्ष खुनापेक्षा कमी सनसनाटी आहे, पण जास्त बोचरा आहे.

अर्थात यालाही छिद्र आहे. दृष्टी सरळ मार्गाने परत आली असेल तर ती सोफीपासून लपवायचं कारण काय? याच मुलीने एकदा त्याचं सोंग पकडून त्याला सोडलं होतं. पुन्हा तेच करताना पकडलं जाण्याची लाज, हे एक उत्तर होऊ शकतं. सिमीच्या डोळ्यांचा हिशोब द्यावा लागू नये, हे दुसरं.

दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी हा प्रश्न उघडा ठेवला तो चुकून नाही. पुण्याच्या एफटीआयआयमधून शिकलेले राघवन ज्या कलाकृतीवरून प्रेरित झाले तिचा शेवटही असाच टांगता आहे. 'लाकॉर्दर' ही ऑलिव्हिए त्रेनेर यांची २०१० ची जेमतेम पंधरा मिनिटांची फ्रेंच शॉर्ट फिल्म. त्यात आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानो ट्यूनर खुनाच्या घरात अडकतो आणि पियानो वाजवत राहतो. त्याच्या पाठीमागे बाई खिळे मारायची बंदूक घेऊन उभी असते. ती चालवते की नाही, हे फिल्म सांगत नाही. राघवन यांनी ती कल्पना पुण्यात आणली, त्यात ससा, लिव्हर आणि शेजारचा आगाऊ पोरगा घातला, आणि टांगता शेवट तेवढा जपून ठेवला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि आधारित पटकथेचे पुरस्कार त्याला मिळाले.

याच्या पुढच्याच वर्षी मुंबईकरांना स्वतःच्या शहराबद्दल असाच प्रश्न पडला होता. १५ ऑगस्ट २०१९ ला 'सेक्रेड गेम्स'चा दुसरा सीझन आला. शेवटी शहर उडवू शकेल असा अणुबॉम्ब, त्यावर पॅटर्न लॉक, समोर एकटा सरताज सिंग. तो बोटाने पॅटर्न काढतो आणि पडदा काळा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर शिल्लक आहेत की नाहीत हे कळायच्या आत सीझन खल्लास. तेव्हा पॅटर्नच्या रेघांचे स्क्रीनशॉट काढून, त्या फाळणीच्या रेषेशी जुळतात का हे बघणारेही होते. तिसरा सीझन काही आला नाही.

ज्यांना त्या प्रश्नाने अजून झोप लागत नसेल त्यांच्यासाठी एक सोय आहे. मालिका ज्यावर आधारलेली आहे ती विक्रम चंद्रा यांची कादंबरी २००६ ची. तिच्यात बॉम्ब वेळेत सापडतो आणि मुंबई वाचते. 'अंधाधुन'च्या बाबतीत मात्र उत्तर बघायला असं कुठलंही पुस्तक नाही.